यमुनाक्काचं आजच्यापुरतं घर

"भिंतीतून कुठं यायलीस? दार काय मेलंय?"

सोनपेठेत आमचं बिऱ्हाड आलं त्याच आठवड्यात हे वाक्य माझ्या अंगावर आलं. मी समोरच्या घरी विरजण मागायला निघाले होते. समोर उघडं अंगण. एका कडेला कडुनिंब, दुसऱ्या कडेला तुळस आणि मध्ये सपाट सारवलेली जमीन. माझ्या वाटेत भिंतही नव्हती आणि दारही नव्हतं. मी खाली पाहिलं. माझा पाय राखेच्या एका रेघेवर पडला होता. रेघ सरळ पुढे जाऊन काटकोनात वळली होती, तिथून पुन्हा वळली होती, आणि एका ठिकाणी तिला हातभर खंड होता.

त्या खंडाकडे बोट दाखवत विधवेच्या आलवणातली एक उंच, हाडकुळी बाई उभी होती. "ते दार. तिथून ये. आणि वाकून ये, चौकट बुटकी आहे."

मी मागे फिरले, वळसा घातला आणि भर उन्हात, मोकळ्या आभाळाखाली, वाकून आत गेले. विरजण मिळालं. माझ्या पायाने पुसलेली भिंत तिने मुठीतल्या राखेने माझ्यासमोरच पुन्हा ओढली आणि म्हणाली, "हे आजच्यापुरतं आहे. उद्या दार कुठं असंल सांगता येत नाही. येण्याआधी विचारत जा."

अशी माझी आणि यमुनाक्काची ओळख झाली. मी तिला अहो-जाहो करायला गेले तर तेही खपलं नाही. "मी काय तहसीलदार आहे का?" म्हणाली. तेव्हापासून अगं-तुगं.

यमुनाक्काला घर दुरुस्त करायचं होतं. लोक कागदावर नकाशा काढून घेतात, नाहीतर मिस्त्रीला तोंडी सांगतात. अक्काला अक्षरओळख नव्हती, आणि तोंडी सांगितलेलं पुरुषांच्या ध्यानात राहत नाही असा तिचा अनुभव होता. म्हणून ती अख्खं घर, व्हायचं त्याच मापाचं, अंगणात काढायची. रोज सकाळी. रांगोळीने काढलं असतं तर उठून दिसलं असतं, पण विधवेने अंगणात रांगोळी घालायची नाही. "राखंला कोण काय म्हणतंय?" ती म्हणायची. "राख माझीच आहे. माझ्याच चुलीतली."

काढून झालं की ती त्यात राहायची. राखेच्या स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडायची. राखेच्या माजघरात उशाला हात घेऊन आडवी व्हायची. राखेच्या खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायची आणि तो दुसरीकडून बोलायला लागला की त्याला खिडकीसमोर यायला लावायची. मग काहीतरी बिनसायचं. झटक्याने उठायची, रेघा फडक्याने झटकायची, नव्या ओढायची. दुपारपर्यंत न्हाणी पूर्वेकडून पश्चिमेला गेलेली असायची. तिचे पाय एका जागी म्हणून ठरत नसत. मी आमच्या दारात भाजी निवडत हे बघायचे आणि बसल्याजागी मलाच धाप लागायची.

"अक्का, काल तर चूल तिकडं होती."

"कालच्यापुरती होती."

"मग आता हे पक्कं?"

"विचारून सांगते."

हे तिचं दुसरं पालुपद. कुणाला विचारणार ते ती सांगत नसे. तिचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह, तेव्हा तोच असणार, असं आळीने ठरवून टाकलं होतं. आमचे यजमान शाळेत मास्तर. ते म्हणायचे, "बरोबर आहे. नरसिंह खांबातून निघाला होता. त्याला बांधकामातलं कळत असेल."

दुसऱ्याच्या घरी गेली तरी तिची नजर माणसांवर नसायची. आमच्याकडे पहिल्यांदा आली ती उंबऱ्यातच म्हणाली, "तुझ्या न्हाणीचं दार उलटं उघडतंय," आणि ते खरंच उलटं उघडायचं. मी ते इतके दिवस सहन करत होते हे मला तेव्हा कळलं. पाटलांची आई गेली तेव्हा अक्का भेटायला गेली. बायका रडत होत्या. अक्काही पदर डोळ्यांना लावून बसली, आणि जरा शांत झाल्यावर पाटलांच्या सुनेला हळूच म्हणाली, "ही तुळई कुठून आणलीत? लय सरळ आहे."

आता खऱ्या घराचं सांगते, म्हणजे एवढी घाई कशाची ते कळेल.

घर मोठं होतं, पण त्याचे दोन तुकडे झाले होते. अक्काचा नवरा आणि दीर गोविंदराव यांच्या बापामागे वाटण्या झाल्या, आणि त्या भांडूनच झाल्या. घरातल्या मधल्या जाड भिंतीतलं दार चिणून टाकलं, अंगणातही भिंत उठवली. अलीकडे अक्का, पलीकडे गोविंदराव. पुढे अक्काचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. ती एकटी राहिली आणि भांडण तसंच राहिलं.

गोविंदरावांची बायको ही अक्काची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच मांडवात दोन भावांना दिलेल्या. गोविंदरावांनी बायकोला बजावलं होतं, त्या घराशी बोललीस तर माहेरची वाट धरायची. तेव्हापासून दोघी देवळात समोरासमोर आल्या तर एक खांबाच्या या बाजूने जायची, एक त्या बाजूने. सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा आणि सख्ख्या वैरिणी, असं सोनपेठ म्हणायचं. अक्काजवळ कुणी विषय काढला तर ती फणकारायची, "त्या पलीकडलीचं नाव माझ्या दारात काढू नको."

"दार आज कुठं आहे?" मी एकदा विचारलं. यावर ती हसली नाही.

तर अक्काच्या बाजूचं माळवद खचलं होतं. खाली लाकडाच्या तुळया आणि वर मातीचं सपाट छप्पर, ते माळवद. त्यातली मोठी तुळई वाळवीने खाल्ली होती आणि तिचं एक टोक त्या मधल्या भिंतीत रुतलेलं होतं. पावसाने वरची माती भिजून जड झाली असती, तुळई मोडली असती आणि भिंतीला घेऊन पलीकडे गेली असती. पलीकडे गोविंदरावांनी भाव येईल म्हणून कापूस भरून ठेवलेला. ते एक दिवस चार माणसं घेऊन आले आणि अंगणाबाहेर उभे राहून म्हणाले, "वहिनी, मृगाच्या आत हे नीट करा. नाहीतर मी सगळं उतरवून घेतो. तुमी अंबेजोगाईला भाच्याकडं जाऊन राहा. आमी आमच्या बाजूनं चांगली भरीव भिंत घालून घेऊ."

"भावजींना सांगा," अक्का म्हणाली, "मृगाच्या आत होईल."

भावजी समोरच उभे होते. निरोप कडुनिंबाला दिला होता.

हे बोलणं चैत्रातलं. वेळ भरपूर होता. अक्काला मिस्त्री पसंत पडणं ही काय चीज आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

पहिले आले ते परभणीचे नक्शेवाले. रुमी टोपी, शेरवानी, काखेत कागदाची गुंडाळी. मोठमोठ्या साहेबांच्या बंगल्यांची कामं केलेली. त्यांनी मापं घेतली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी निळ्या पेन्सिलीने काढलेला सुरेख नक्शा घेऊन आले. दिवाणखाना काय, मेहराब काय, सगळं होतं त्यात. अक्काने कागद जमिनीवर पसरला आणि त्यावर उभी राहिली.

"यात माझे पायसुद्धा मावेनात."

"बाईजी, ये तो नक्शा है."

"असंल. मला यात चालून दाखवा."

त्यांनी समजावून सांगितलं की कागदावरचं एक बोट म्हणजे जमिनीवरचे अमुक हात. अक्का म्हणाली, "मग हाताचंच काढायचं की! जागंला काय तोटा आहे?" आणि राखेची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. माणूस भला होता. शेरवानीची बाही मागे सारून त्याने एक रेघ ओढलीसुद्धा. मग आत जाऊन मधल्या भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "दीवार पोली है. पहले ये भरनी पडेगी."

अक्काने टोपली उचलून घेतली. "विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी निरोप गेला, नको.

ती भिंत पोकळ होती हे खरं. तिच्यात बळद होतं. आमच्याकडच्या जुन्या घरांत भिंतीच्या पोटात धान्य साठवायला जागा ठेवतात, ते बळद. वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या भोकातून लागेल तशी काढायची. घर एकत्र होतं तेव्हा सगळ्यांची ज्वारी त्यातच असे. वाटण्या झाल्यावर ज्वारीच्याही झाल्या आणि बळद रिकामं पडलं. त्याच्या तोंडावर अक्काने एक पाट उभा करून ठेवला होता.

दुसरा आला तो गावातलाच मारुती गवंडी. अक्काने त्याला राखेच्या चुलीपुढे नेलं.

"बस इथं. पीठ मळ."

मारुती उकिडवा बसला. "कशात मळू अक्का? परात कुटं हाय?"

"हवेत मळ. कोपर कुठं लागतंय ते बघायचंय."

मारुती हवेत पीठ मळायला लागला. रस्त्यावर माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, "मारुती, पाणी जास्त झालं रे." मारुतीच्या कपाळावर घाम आला, पण हात थांबले नाहीत.

"लागलं!" अक्का ओरडली. "कोपर भिंतीला लागलं! रोज इथं बसून भाकरी करणारीच्या कोपराची सालं निघतील."

"मग भित वाईच मागं घिऊ की."

"घे."

मारुतीने फुंकर मारून भिंत मागे नेली. अक्का इतकी खूश झाली की तिने त्याला गूळ-पाणी दिलं. मला वाटलं, सुटलो, मिस्त्री ठरला. मग तो आत गेला, भिंत वाजवून बाहेर आला आणि म्हणाला, "समदं करून देतो बगा. पर आदी ते बळद बुजवाया लागतंय. उंदरासापाचं घर हाय ते."

"मग उंदरांनी कुठं जायचं? भाच्याकडं?" अक्का म्हणाली, आणि मारुती गेला.

तिसरा परळीचा, देवळं बांधणारा. तो भिंत वाजवून 'पोकळ' म्हणाला आणि ही 'या आता' म्हणाली. त्याला गूळही मिळाला नाही.

मी तिला सरळ सांगून पाहिलं. मला आडून बोलता येत नाही. "अक्का, वैशाख लागला. रिकामं बळद ठेवून करायचंय काय? बुजव आणि मोकळी हो."

"तुला नाही कळायचं ते, मास्तरीणबाई."

"काय ठेवलंयस त्यात?"

"दाणासुद्धा नाही."

"मग?"

ती उठली आणि न्हाणी पुसून दुसरीकडे काढायला लागली. मला राग आला. घर जायची वेळ आली होती आणि ही बाई एका भोकासाठी मिस्त्र्यांना हाकलून देत होती.

आणखीही एक गोष्ट मला खटकायची. एकटी बाई, पण राखेच्या घरात पाट मांडायची जागा दोघींची. न्हाणीत अंघोळीचे दगड दोन. एकदा झोपाळा काढला, तोही दोघी बसतील एवढा. मी विचारलं तर म्हणाली, "येणारं-जाणारं असतंय." तिच्याकडे येणारं-जाणारं म्हणजे मी, आणि मी कधी बसत नसे. मला कामं असत.

मग ते लिंबांचं प्रकरण झालं. खांब कुठे यावेत हे बघायला अक्काने त्या त्या जागी एकेक लिंबू ठेवलं. नेमकी अमावास्या होती, पण तिचं लक्ष पंचांगाकडे नव्हतं. बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाने राखेच्या रेघा आणि कोपऱ्या-कोपऱ्यांवर लिंबं पाहिली आणि गाडी मागच्या मागे वळवली. दुपारपर्यंत गावभर झालं, यमुनाक्काने दिरावर भानामती केली. गोविंदरावांना त्याच दिवशी नेमकी उचकी लागली होती. ते ठाण्यात गेले.

अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे निजाम सरकारचे फौजदार, जवान घेऊन आले. मोठ्या मिशा, चकचकीत बूट. त्यांच्यापुढे पाटलाचीही जीभ अडखळायची.

"ये क्या है?"

"घर," अक्का म्हणाली.

"कहाँ है घर?"

"तुमी भिंतीवर उभे आहात."

अमीनसाहेबांनी पाय उचलला. का उचलला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अक्काने खंडाकडे बोट केलं. "दार तिथं आहे. बूट बाहेर. आत देव आहेत."

सगळ्या आळीने हे डोळ्यांनी पाहिलं. अमीनसाहेबांनी राखेच्या उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि मोज्यांवर, वाकून, ते आत गेले. छडीने लिंबू दाखवून म्हणाले, "और ये?"

"खांब. दगड ठेवला तर ठेच लागते."

त्यांनी लिंबू उचलून वास घेतला. "ये खंबा हम ले जाएं?"

"न्या की. पण माळवद पडंल."

अमीनसाहेब मोठ्याने हसले आणि खांब जागच्या जागी ठेवला. बूट घालता घालता एकदा मागे वळून म्हणाले, "बाईजी, खिडकी छोटी है. हवा नहीं आएगी." दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी मोठी झालेली होती.

ज्येष्ठात वावटळी सुटल्या. अक्का रेघ ओढायची आणि वारा घेऊन जायचा. ती वाऱ्याकडे पाठ करून पुन्हा ओढायची, पदराचा आडोसा करून ओढायची, पाणी शिंपडून ओढायची. एका दुपारी अख्खं घर, चूल-न्हाणी-देवघरासकट, उडालं आणि भिंतीवरून गोविंदरावांच्या अंगणात गेलं. पलीकडून कडाडून आवाज आला, "मेलीनं माझ्या पापडांवर राख घातली!"

"ऐकलंस?" अक्का मला म्हणाली. "कसं बोलते बघ."

तिचं तोंड मात्र रागावल्यासारखं दिसलं नाही. डोळ्यात धूळ गेली असेल, असं मला वाटलं.

मृग पंधरवड्यावर आला तेव्हा गंगाखेडहून इमाममिस्त्री आला. म्हातारा, हाताला सफाई, पण ठार बहिरा. त्यामुळे त्याला कुणी कामाला बोलवत नसे. अक्काने त्याला काही सांगितलंच नाही. सोवळ्यातली बाई ती, हात तर धरता येत नव्हता. तिने काठीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि त्याला राखेच्या घरातून हिंडवलं. चौकटीपाशी वाकवलं, चुलीपुढे बसवलं, खिडकीशी उभं केलं. लिंबं दाखवली. म्हातारा मान डोलवत फिरला. मग आत जाऊन त्याने रिवाजाप्रमाणे मधली भिंत वाजवली, कान लावला आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "भरीव है. एकदम पत्थर."

गोविंदराव रस्त्यावरून बघतच होते. ते न राहवून ओरडले, "अहो पोकळ आहे ती! आत बळद आहे!"

मिस्त्री त्यांच्याकडे बघून अदबीने हसला. "जी हां. भरीव."

"पोकळ! पोकळ!"

"शुक्रिया," मिस्त्री म्हणाला.

"हाच," अक्का म्हणाली. विचारून सांगते असंसुद्धा म्हणाली नाही.

गाव पोट धरून हसलं. शहाणे, सवरलेले, नक्शेवाले सगळे घालवले आणि निवडला कोण, तर बहिरा. पण काम बघायला मी रोज जायचे, आणि कामात खोट नव्हती. तिकडे जर्मनीची लढाई चालू होती, पत्रा कुठे मिळत नव्हता, म्हणून माळवदच पुन्हा घातलं. तुळई नवी बसवली. लिंबं ठेवली होती तिथे सागवानी खांब उभे राहिले आणि तुळईचा भार त्यांनी उचलला. मधल्या भिंतीवर आता काही ओझंच नव्हतं, ती पोकळ असो की भरीव. गोविंदराव आतून बघून गेले. त्यांनी खांब हलवून पाहिला, नाक मुरडलं आणि भाच्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मृगाचं पहिलं आभाळ आलं तेव्हा अक्का आपल्या छपराखाली होती.

दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला मी तिच्याकडे गेले. नवीन घरात दिव्याला तेल द्यावं म्हणून वाटीभर घेतलं होतं. खऱ्या दारातून, वाकून, आत गेले. आतल्या खोलीत अक्का बोलत होती. म्हटलं, चाललंय नरसिंहाला विचारणं, जरा थांबावं.

मग नरसिंहाने उत्तर दिलं. आवाज बाईचा होता आणि पडशाने बसलेला.

मी डोकावले. अक्का मधल्या भिंतीशी बसली होती. बळदाच्या तोंडावरचा पाट बाजूला आणि तिचं डोकं जवळजवळ आत.

"तर आता तू उंबऱ्यातून आत आलीस," ती सांगत होती. "वाकलीस का?"

"वाकले," भिंत म्हणाली.

"हां. डाव्या हाताला खिडकी. मोठी केली."

"अमीनाची?"

"तीच. समोर देव. उजवीकडं न्हाणी, दगड दोन टाकलेत."

"माझा सपाट आहे का?"

"तुझा सपाट. तुला घसरायची खोड."

भिंत हसली, मग शिंकली.

"काढा घे म्हणलं तर घेत नाहीस."

"घेतला. आणि चूल गं?"

"रस्त्याकडच्या भिंतीला घातली."

"मी मधल्या भिंतीला घाल म्हणलं होतं. चारदा म्हणलं."

"गंगू, तिथं घातली तर सगळा धूर तुमच्या अंगणात येतोय. भावजी बोंब मारतील."

त्या पलीकडलीचं नाव गंगू आहे हे मला तेव्हा कळलं. या वेळेला गोविंदराव चावडीवर बसलेले असतात, हेही आठवलं. आणि एकत्र घराचं बळद, म्हणजे त्याला पलीकडेही एक तोंड असणारच, हे आठवायची गरजच नव्हती, समोर दिसत होतं. रोज सकाळी न्हाणी का हलायची, चूल का फिरायची, कोपरं कुणाची मोजली जात होती, सगळं एकदम समोर आलं.

बळदात नाक शिंकरल्याचा आवाज झाला. मग पडशातला आवाज म्हणाला, "येऊ दे की धूर. सकाळी धूर दिसला की कळतं, तू उठलीस. नाही दिसला तर मी काय समजायचं? विचारायला तर यायचं नाही."

अक्काने पाट हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"बघ. विचार कर," भिंत म्हणाली.

"विचार कशाला आता," अक्का म्हणाली. "घालते."

मी वाटी उंबऱ्यात ठेवली आणि आल्या पावली परत गेले.

सकाळी इमाममिस्त्री पुन्हा हजर. नवी कोरी चूल फोडून त्याने मधल्या भिंतीला दुसरी घातली आणि वर धुराडं काढलं. रस्त्यावर माणसं जमली. बाईला काही म्हणजे काही ठरवता येत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "आजच्यापुरतं असेल," आणि माझ्या कामाला लागले.

चूल वाळल्यावर पेटली त्या सकाळी मी ताक घेऊन तिकडेच होते. धुराड्यातून धूर वर आला, वाऱ्याने कलला आणि भिंतीवरून पलीकडे गेला. आधी गोविंदरावांचा ठसका ऐकू आला, मग गोविंदराव. "वहिनींना धूर सोडायला आमचंच अंगण सापडलं का?"

त्यांच्याही वर चढून, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा दुसरा आवाज आला. "मेलीला अक्कल म्हणून नाही! सकाळी सकाळी उठते आणि आमच्या डोळ्यात धूर घालते!"

अक्का चुलीपुढे बसून फुंकणी फुंकत होती. घरभर धूर झाला होता.

"अक्का, लाकडं ओली आहेत," मी म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली, आणि आणखी एक ओलं लाकूड तिने आत सरकवलं.